पुस्तकांची नवी पेठ आणि आपला लेखक

पुस्तक लिहून झाले की लेखकाचे काम संपले, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. ते वाचकाच्या हाती कोणत्या वाटेने जाते, त्या वाटेवर किती नाकी लागतात आणि प्रत्येक नाक्यावर कोण किती वसूल करतो, हा प्रश्न व्यापाऱ्याचा समजला जातो. साहित्यचर्चेत त्याला जागा नसते. दलित लेखकाला मात्र हा सोवळेपणा परवडणारा नाही. ज्याचे लेखनच मुळी दाराबाहेर उभे राहून झाले, त्याने दार कोणाच्या मालकीचे आहे हे विचारलेच पाहिजे. आज पुस्तकविक्रीच्या दारावर ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांसारख्या प्रचंड कंपन्या येऊन बसल्या आहेत. त्यामुळे पुस्तकांच्या दुकानांचे काय होते, लेखकांचे काय होते आणि विशेषतः आपल्या लेखकांचे काय होते, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न करायचा आहे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक गाव डोळ्यांपुढे ठेवू. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले अंतरवाली सराटी. २९ ऑगस्ट २०२३ रोजी तेथे मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि हे नाव साऱ्या देशात पोचले. त्या आंदोलनाची बाजू घेणे किंवा त्याला विरोध करणे हा या लेखाचा विषय नाही. पण त्यातली एक गोष्ट आपल्या विषयाशी जुळणारी आहे. या गावातून उठलेली मागणी फिरून फिरून जुन्या कागदापाशी येत राहिली. निजामकालीन नोंदी, हैदराबाद गॅझेट, कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेली न्यायमूर्ती शिंदे समिती आणि २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय, हा सगळा कागदाचाच प्रवास आहे. छापील कागदाला माणसाच्या आयुष्यात काय किंमत असते, हे या गावाने इतक्या जवळून पाहिले. तरी अशा गावातल्या माणसाला स्वतःच्या आवडीचे एक साधे पुस्तक हवे असेल, तर ते त्याने कुठून आणायचे?

समजा, तेथल्या एखाद्या मजुराच्या घरातल्या बारावीच्या मुलीला प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' वाचायचे आहे. १९७९ साली आलेले हे आत्मकथन मराठवाड्याच्याच मातीतले. हे पुस्तक तिच्यापर्यंत येण्याच्या वाटा तीन. पहिली वाट शहरातल्या दुकानाची, दुसरी जत्रेची म्हणजे आपल्या चळवळीच्या ग्रंथबाजाराची आणि तिसरी मोबाईलची. या तिन्ही वाटा नीट पाहिल्या, तर काय मिळाले आणि काय गमावले याचा हिशेब लागेल.

पहिली वाट : शहरातले दुकान

जुन्या दुकानांबद्दल आज वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळवे लेखन होते. १९४८ साली सुरू झालेला मुंबईचा स्ट्रँड बुक स्टॉल फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाला, तेव्हा तर शोकसभाच भरल्यासारखे झाले. ते दुःख खरे आहे. पण आपण ते जसेच्या तसे उसने घेण्याचे कारण नाही. प्रस्थापितांच्या दुकानात आपले पुस्तक सहज मांडले जात होते, असा काळ कधी होता?

ग्रंथव्यवहाराचे दार आपल्यासाठी कधीच सताड उघडे नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले, आणि ते छापून यायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे 'मूकनायक' निघाले, तेव्हा 'केसरी'ने त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापली नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे अध्यक्षीय भाषण पेलवेना म्हणून अधिवेशनच रद्द केले. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून घेतले. 'जातिप्रथेचे निर्मूलन' या नावाने आज मराठी वाचकाला माहीत असलेल्या त्या इंग्रजी पुस्तकाच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. वाचक होता, विषय होता, लेखक तर होताच. नव्हते ते फक्त दार.

१९६० नंतर दलित साहित्याचा जो प्रवाह सुरू झाला, त्यालाही हे दार स्वतःच पाडावे लागले. मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवले ते वर्गणीदारांच्या बळावर. पुण्यात विलास वाघ आणि उषा वाघ यांनी सुगावा प्रकाशन उभे केले. 'ग्रंथाली'ने वाचकालाच सभासद करून घेण्याची कल्पना राबवली, आणि त्या वाटेने १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' मध्यमवर्गाच्या घरात शिरले. या सर्वांनी केले ते एवढेच, की दुकानदाराच्या मर्जीवर विसंबून न राहता वाचकाशी थेट नाते जोडले.

तरीही दुकानाने काही दिले ते नाकारता येत नाही. दुकानात पुस्तक चाळून पाहता येते. दोन पाने उभ्या उभ्या वाचून ते परत ठेवता येते. ओळखीचा दुकानदार उधारीवर पुस्तक देतो, आणि 'हे नेलेत ना, आता ते न्या' असे सांगतो. या सांगण्यातूनच नवा वाचक घडतो. आज जो धक्का बसला आहे तो नेमका या कामाला. गिऱ्हाईक दुकानात येते, पुस्तक चाळते, मुखपृष्ठाचा फोटो काढते आणि घरी जाऊन तेच पुस्तक मोबाईलवर सुटीत मागवते. जागेचे भाडे, वीज आणि नोकराचा पगार दुकानदाराने भरायचा आणि विक्री कंपनीच्या खात्यात जमा व्हायची. अशा व्यवहारात दुकान किती दिवस टिकणार? अमेरिकेत बॉर्डर्स ही शेकडो दुकानांची साखळी २०११ साली बंद पडली. ऑनलाईन विक्री हे प्रत्येक वेळी एकमेव कारण असते असे नाही, भाडे आणि कर्जही असते. पण आधीच वाकलेल्या पाठीवर शेवटचे ओझे कोणाचे पडले, हे पाहायलाच हवे.

अंतरवाली सराटीच्या मुलीपुरते बोलायचे, तर ही वाट तिच्यासाठी आधीपासूनच लांबची होती. जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि आईची किंवा बापाची एक दिवसाची मजुरी बुडवायची. पुस्तकाची किंमत त्यानंतर.

दुसरी वाट : आपली जत्रा

आपल्या समाजाने एक वेगळाच ग्रंथबाजार निर्माण केला. नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी भरणारा नामविस्तार दिनाचा मेळा. १९७८ च्या ठरावापासून १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे ज्या दारासाठी रक्त सांडले, त्याच दाराशी आज पुस्तकांच्या रांगा लागतात. दर्शनाला आलेला माणूस परतताना प्रसाद नेतो, आपला माणूस पुस्तक नेतो. जगात अशा जत्रा फार नसतील.

या बाजाराची काही वैशिष्ट्ये व्यापाराच्या भाषेत सांगितली पाहिजेत. येथे मधला दलाल जवळजवळ नसतो. प्रकाशक, कधी कधी लेखक स्वतःच, सतरंजीवर पुस्तके मांडून बसतो. मोठ्या ग्रंथापेक्षा लहान पुस्तिका अधिक खपतात. बाबासाहेबांचे एखादे भाषण, १९३६ चे 'मुक्ती कोन पथे?', बुद्धवंदना, एखाद्या कार्यकर्त्याचे चरित्र. वीस, तीस, चाळीस रुपयांची ही पुस्तिका म्हणजे चळवळीचा कणा आहे. ज्याने आयुष्यात दुसरे पुस्तक घेतले नाही, असा माणूसही ती घेतो. अक्षर न येणारी आई ती मुलासाठी घेते. विकणाऱ्याला घेणाऱ्याचा चेहरा दिसतो, तो काय विचारतो हे कळते आणि पुढचे पुस्तक कोणते छापावे याचा अंदाज येतो.

या वाटेची उणीव उघड आहे. ती वर्षातून एकदा-दोनदा खुली होते. जूनमध्ये शाळा-कॉलेज सुरू झाले आणि मुलीला पुस्तक हवे झाले, तर तिने दसऱ्याची वाट पाहायची काय?

तिसरी वाट : मोबाईल

येथे नवी पेठ आपला दावा मांडते. ॲमेझॉन १९९५ साली अमेरिकेत पुस्तके विकू लागली. भारतात फ्लिपकार्टने २००७ साली पुस्तकांपासूनच सुरुवात केली. ॲमेझॉनचे भारतातले दुकान जून २०१३ मध्ये उघडले, तेही पुस्तके आणि चित्रपटांपासून. पुस्तक नासत नाही, त्याचे माप ठरलेले असते, घालून पाहावे लागत नाही आणि पाठवायला सोपे असते. म्हणून गिऱ्हाईकाला सवय लावण्यासाठी पुस्तक निवडले गेले. सवय लागल्यावर त्याच पेटाऱ्यातून साबण, चपला, टीव्ही सगळे बाहेर आले. २०१८ साली अमेरिकेच्या वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के वाटा सोळा अब्ज डॉलरना घेतला. यावरून व्यवहाराचे आकारमान लक्षात यावे. एवढ्या मोठ्या दुकानात पुस्तक हा आता एक लहानसा कोपरा आहे. पुस्तकावर तोटा सोसून तो साबणावर भरून काढणे या दुकानाला शक्य असते. फक्त पुस्तकेच विकणाऱ्या माणसाला ते कसे शक्य व्हावे?

तरीही नव्या पेठेने दिलेले पदरात घेऊन मगच बोलले पाहिजे. पिनकोड लिहिला की पुस्तक गावात येते. मागवणाऱ्याची जात पिनकोडवरून कळत नाही, आणि 'तुम्हाला हे कशाला हवे?' असे गल्ल्यावरचा माणूस विचारत नाही. बाजारातून गेलेल्या पुस्तकाची जुनी प्रत एखाद्या विक्रेत्याकडे सापडते. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून मिळू लागली, आणि लेखकाला संपादकाच्या उंबऱ्यावर न बसता आपले पुस्तक स्वतः प्रसिद्ध करता येऊ लागले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'साभार परत' आले त्यांना याचे मोल सांगायला नको.

पण दार उघडे दिसले म्हणजे घर आपले झाले, असे नाही. म्हणून त्या घराचा हिशेब पाहू.

किमतीचे वाटे

एक काल्पनिक हिशेब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. छापील किंमत २०० रुपये असलेल्या पुस्तकावर प्रकाशक विक्रेत्याला ४० टक्के सूट देतो, म्हणजे ८० रुपये. लेखकाचे मानधन छापील किमतीच्या १० टक्के, म्हणजे २० रुपये. उरलेल्या १०० रुपयांत कागद, छपाई, बांधणी, अक्षरजुळणी, गोदाम आणि न खपलेल्या प्रतींचा तोटा बसवायचा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही ही चांगली गोष्ट. पण कागदावर आणि छपाईवर तो आहे, आणि पुस्तक करमुक्त असल्यामुळे तो भरलेला कर प्रकाशकाला वळता करून मिळत नाही.

आता ऑनलाईन पेठ. आपल्या कायद्याप्रमाणे परकीय भांडवलाच्या अशा कंपनीला स्वतःचा माल ठेवून किरकोळ विक्री करता येत नाही. तिने फक्त बाजार भरवायचा आणि ओट्यावर इतरांनी विकायचे. पण ओट्याचे भाडे चुकत नाही. विक्रीवर कमिशन, प्रत्येक नगामागे ठरावीक आकार, वाहतुकीचा खर्च, आणि गिऱ्हाईकाने माल परत केला तर त्याचाही भुर्दंड. शिवाय दहा विक्रेते तेच पुस्तक विकत असतील, तर ज्याची किंमत कमी तो वर दिसतो. म्हणून सूट द्यावीच लागते. ही सूट येते कुठून? विक्रेता प्रकाशकाकडे ४० ऐवजी ५५ टक्के मागतो. प्रकाशकाच्या हाती ९० रुपये राहतात. लेखकाचे २० दिले तर ७० उरतात, आणि त्यात पुस्तक निघत नाही.

मग प्रकाशकापुढे तीन मार्ग राहतात. पहिला, छापील किंमतच २०० ची २६० करायची आणि तिच्यावर सूट दाखवायची. वाचकाला स्वस्त मिळाल्याचे समाधान, पण सूट न देणाऱ्या दुकानात तेच पुस्तक महाग. दुसरा मार्ग, लेखकाच्या करारात 'छापील किमतीवर' हे शब्द काढून 'मिळालेल्या रकमेवर' असे शब्द घालायचे. ९० रुपयांचे १० टक्के म्हणजे ९ रुपये. २० चे ९ झाले, आणि लेखकाला ते कळलेही नाही. तिसरा मार्ग, जे खात्रीने खपेल तेवढेच छापायचे. नवा कवी, भटक्या जमातीतला पहिला लेखक, खेड्यातली पहिली लेखिका यांच्यासाठी हा तिसरा मार्ग म्हणजे दार बंदच.

आणि पुस्तिकेचे काय? तीस रुपयांच्या पुस्तिकेवर नगामागचा आकार आणि वाहतूक मिळूनच किमतीच्या पुढे जाते. म्हणून ती ऑनलाईन पेठेत एक तर येत नाही, किंवा पाच-सहा एकत्र बांधून दोनशे-तीनशेला येते. तीस रुपयेच खिशात असलेल्या वाचकासाठी त्या पेठेत ओटाच नाही. ही पेठ गरिबाच्या पुस्तकाला बंदी घालत नाही. तिच्या हिशेबात ते बसत नाही, एवढेच. परिणाम मात्र बंदीसारखाच होतो.

नवे द्वारपाल

जुन्या दुकानात दर्शनी फळीवर काय ठेवायचे ते मालक ठरवी. नव्या पेठेत ते काम यंत्र करते, म्हणून ते निःपक्षपाती आहे असा समज आहे. यंत्र काय पाहते? जे अधिक खपले, ज्याला अधिक शेरे मिळाले, ज्याच्या जाहिरातीसाठी अधिक पैसे मोजले गेले, ते वर. जे वर दिसते ते आणखी खपते. जे तिसऱ्या-चौथ्या पानावर गेले ते कुणी पाहत नाही, म्हणून खपत नाही, म्हणून आणखी खाली जाते. शंभर वर्षांपूर्वी 'मूकनायक'ला पैसे देऊनही जाहिरात मिळाली नाही. आज जाहिरात कुणालाही मिळते, पण बोली लावून. आपला लेखक बोलीत कोणापुढे उभा राहणार?

स्वतः प्रसिद्ध केलेल्या ई-पुस्तकाचीही अशीच गोष्ट आहे. मानधन ३५ किंवा ७० टक्के असे सांगितले जाते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ते ई-पुस्तक नव्वद दिवसांच्या मुदतीने फक्त त्यांच्याकडेच ठेवण्याची अट मान्य करावी लागते. मग त्या मुदतीत ते दुसऱ्या मराठी संकेतस्थळावर देता येत नाही. मासिक वर्गणी भरून वाचणारा वाचक असेल, तर किती पाने वाचली गेली त्यावर पैसे. बलुतेदाराला घरटी काय मिळेल ते मालक ठरवी. येथे पानामागे काय मिळेल ते मालक ठरवतो.

आणि हा मालक उद्या दुकान बंद करील तर? हा प्रश्न काल्पनिक नाही. ॲमेझॉनने वेस्टलँड ही भारतीय प्रकाशनसंस्था २०१६ साली विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती बंद करत असल्याचे जाहीर केले. पुस्तके खपत होती, लेखक नामवंत होते, तरी आपल्याच पुस्तकांचे हक्क परत मिळवण्यासाठी त्यांची धावपळ झाली. इंग्लंडचे बुक डिपॉझिटरी हे ऑनलाईन दुकान ॲमेझॉनने २०११ साली घेतले आणि एप्रिल २०२३ मध्ये मिटवले. जुलै २००९ मधला प्रकार तर कादंबरीत शोभावा असा. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते असे आढळताच जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके वाचकांच्या किंडलमधून परस्पर पुसली गेली. त्यांत '१९८४' होते! पैसे परत दिले, पुढे कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. पण ज्याला आपण विकत घेणे म्हणतो ते येथे कशाला म्हणतात, हे त्या दिवशी कळले. फळीवरचे पुस्तक कुणी रात्री येऊन पुसू शकत नाही.

बाबासाहेबांच्या ग्रंथांचे काय?

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. त्या नियमाने बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मूळ लेखनावरील हक्क २०१६ च्या अखेरीस संपला. आता कोणीही ते छापू शकतो. हे स्वागतार्हच आहे. पण नव्या पेठेत याचा एक विपरीत परिणाम होतो. ज्याला बाबासाहेबांशी काही देणेघेणे नाही, तोही मजकूर उचलतो, तळटीपा गाळतो, आकर्षक मुखपृष्ठ लावतो आणि विकतो. कोणती आवृत्ती विश्वासाची आणि कोणती कापलेली, हे पडद्यावर समजत नाही. जत्रेतला विक्रेता ते सांगू शकतो, कारण पुढच्या वर्षी त्याला त्याच वाचकाला तोंड द्यायचे असते.

आणि विश्वासाची आवृत्ती कोणाकडे आहे? महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली जे खंड काढायला सुरुवात केली, त्यांची किंमत सामान्य माणसाला झेपणारी होती. ते खंड सरकारी ग्रंथागारांत वेळेवर मिळत नाहीत, ही तक्रार इतकी वाढली की डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. जे शासनाने स्वस्तात पुरवायचे ते वेळेवर पुरवले नाही, की ती पोकळी बाजार भरतो, आणि बाजार आपल्या भावाने भरतो. तेव्हा सगळा दोष परदेशी कंपनीच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

टपालखात्याचीही अशीच कहाणी. छापील पुस्तकांसाठी असलेली नोंदणीकृत बुकपोस्टाची सवलत डिसेंबर २०२४ मध्ये अचानक बंद झाली. लहान प्रकाशकांना आणि नियतकालिकांना तो मोठाच धक्का होता. पुढे १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाले. ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वर कर. दोनशेच्या पुस्तकाला हे चालेल. पण तीस रुपयांच्या पुस्तिकेला वीस रुपयांचे टपाल म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर जड.

आपण काय करायचे?

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. जुन्या ग्रंथव्यवहारात पहिला शत्रू गल्ल्यावर बसलेला होता. नव्यात दुसरा बसला आहे, आणि पहिला कुठे गेलेला नाही. म्हणून एकाला कंटाळून दुसऱ्याच्या गळ्यात पडण्यात शहाणपण नाही. नव्या पेठेचा बैलगाडीसारखा उपयोग करावा. माल वाहून न्यावा, पण गाडीवानाच्या नावे शेत लिहून देऊ नये.

लेखकांनी पहिली गोष्ट करावी ती म्हणजे करार वाचावा. मानधन छापील किमतीवर की मिळालेल्या रकमेवर, हे पाहावे. कायद्याने काही संरक्षण दिले आहे. हक्क किती काळासाठी दिला हे करारात नसेल, तर तो पाच वर्षांसाठीच दिला असे धरले जाते. प्रकाशकाने हक्क घेऊन वर्षभरात तो वापरलाच नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो लेखकाकडे परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीने असेही ठरले, की करार करताना जे माध्यम अस्तित्वात किंवा वापरात नव्हते त्याचा हक्क, करारात स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय, आपोआप जात नाही. ई-पुस्तकाचा हक्क वेगळा लिहून घ्यावा, आणि पुस्तक बाजारात मिळेनासे झाले तर हक्क परत मिळेल असे एक कलम घालावे.

प्रकाशकांनी एकत्र यावे. दहा लहान प्रकाशक दहा ठिकाणी ओटे घेतात आणि दहा ठिकाणी भुर्दंड भरतात. त्यांनी मिळून एक सूची काढावी, एकच गोदाम ठेवावे आणि पुस्तिकांचे संच करून एका टपालात पाठवावेत. फोनवर मागणी घेऊन थेट पुस्तक पाठवणे यात आता काही अवघड राहिलेले नाही. दीक्षाभूमीवर पुस्तक घेणाऱ्याचे नाव-पत्ता त्याच्या संमतीने वहीत लिहून घेतला, तर ती वही कोणत्याही कंपनीच्या यंत्रापेक्षा मोलाची ठरेल. नव्या पेठेत आपला वाचक कोण हे कंपनीला माहीत असते, लेखकाला नसते. ही माहिती आपल्या हातून सुटता कामा नये.

शासनाकडे मागण्याही नेमक्या असाव्यात. फ्रान्सने १९८१ साली कायदा करून पुस्तकावर पाच टक्क्यांपेक्षा अधिक सूट देण्यास मनाई केली. ऑनलाईन कंपन्या फुकट घरपोच देऊन ती मर्यादा ओलांडू लागल्या, तेव्हा ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोंच्या आतील मागणीवर किमान तीन युरो वाहतूक आकारणे बंधनकारक केले. आपल्याकडे असा कायदा नाही. तो जसाच्या तसा आणावा असे मी म्हणत नाही, कारण आपला वाचक गरीब आहे आणि त्याला सूट हवी आहे. पण पन्नास रुपयांच्या आतील पुस्तिकेला नाममात्र टपाल, बाबासाहेबांच्या खंडांचा अखंड पुरवठा आणि लहान प्रकाशकांकडून थेट ग्रंथखरेदी, एवढे तरी मागता येईल.

सर्वांत महत्त्वाचे आहे गावाचे ग्रंथालय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि त्यांना अनुदान मिळते. गावच्या ग्रंथालयात आपली पुस्तके घेतली जातात का, यादी कोण करतो, कार्यकारिणीत आपला माणूस आहे का, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. जेथे ग्रंथालय नाही, तेथे विहाराच्या एका कोपऱ्यात दोनशे पुस्तकांची फळी उभी करणे कठीण नाही. एक प्रत पन्नास जण वाचतील. त्या पन्नासांपैकी पाच जण विकत घेतील. चळवळीचा वाचक असाच वाढला आहे.

अंतरवाली सराटीच्या त्या मुलीने आज मोबाईलवरून पुस्तक मागवले, तर तिला दोष देऊ नये. तिच्यासाठी ती वाट खुली राहिलीच पाहिजे. पण तिच्या दोनशे रुपयांतले किती लेखकाला पोचले हे तिला सांगणारा कोणीतरी हवा, आणि पुढचे पुस्तक घ्यायला जत्रेपर्यंत किंवा कंपनीच्या सुटीपर्यंत थांबावे लागू नये, अशी एक फळी तिच्या गावात हवी. ती फळी उभी करण्यासाठी सिॲटल किंवा बंगळूरहून कोणी येणार नाही. येत्या १४ ऑक्टोबरला किंवा ६ डिसेंबरला आपण पुस्तकांची जी पिशवी घेऊन परतू, तिच्यातली दोन पुस्तके गावासाठी ठेवली, तरी सुरुवात होईल.